पडद्यावरची काकू

चित्रकाराची काकू तोंडाची फटकळ म्हणून सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. आजाऱ्याला भेटायला गेली तरी "खातोस कमी आणि कण्हतोस जास्त" असं तोंडावर ऐकवून यायची. येताना मात्र त्याची उशी बदलून, उशाशी पाणी भरून ठेवून यायची. ऐकवलेलं लोकांच्या लक्षात राही, उशीचं कुणी बोलत नसे. जगाची रीतच आहे ती, काकूला दोष देण्यात अर्थ नाही आणि लोकांनाही नाही.

चित्रकार नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि बापानं त्याला थोरल्या भावाच्या घरी आणून सोडलं, म्हणजे या काकूच्या पदरात. घर आधीच भरलेलं. चुलतभावंडं एकाच खोलीत ओळीनं गाद्या घालून झोपायची, त्या ओळीच्या टोकाला याची गादी पडली. आणि पोर रोज अंथरूण ओलं करायला लागलं. भावंडांना कळलं असतं तर त्यांनी त्याला जगू दिलं नसतं. मुलांसारखी निर्दय जात दुसरी नसते, हे आपण स्वतः मूल होतो तेव्हाचं आठवून पाहावं.

पण भावंडांना कधी कळलं नाही. काकू सगळ्यांच्या आधी उठायची. झोपलेल्या पोराला उचलून बाजूला ठेवायची, त्याची चड्डी बदलायची, ओली चादर काढून घ्यायची आणि त्याला कोरड्या गोधडीवर पुन्हा निजवायची. मग गादीवरचा डाग उरे, तो काही लपत नसे. तेव्हा ती स्वयंपाकघरात पेंगणारा बोका काखोटीला मारून आणायची, त्याला अलगद त्या डागावर ठेवायची आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"मेल्या, परत ओली केलीस चादर? लाज नाही वाटत? कितीदा सांगायचं तुला?"

अख्खं घर जागं व्हायचं. बोका जांभई देऊन पाय ताणायचा, भावंडं त्याला हसून लोळायची आणि हाही त्यांच्याबरोबर हसायचा. तो जागा असे. काकूनं उचललं की डोळे घट्ट मिटून अंग सैल सोडून द्यायचा. तो जागा आहे हे काकूला ठाऊक होतं की नाही, हे त्याला कधी कळलं नाही. दोघांनीही या गोष्टीविषयी एकमेकांशी एक अक्षर काढलं नाही. पुढे सवय सुटली, बोका म्हातारा झाला, पोरगं मिसरूड फुटून घराबाहेर पडलं.

मोठेपणी त्यानं पोटासाठी हातात ब्रश धरला. टूथपेस्टच्या खोक्यांवरचे हसरे दात, औषधांच्या कागदावरचा आखडलेला गुडघा, बिस्किटांच्या पुड्यावरचं गुबगुबीत बाळ, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. चाळिशी उलटल्यावर मात्र त्यानं नेटानं एक चित्रकादंबरी केली. तिच्यात एक पोरका मुलगा होता आणि एक काकू होती. पुस्तकभर काकू बोलत असते, म्हणजे वसवस करत असते. तिच्या बोलण्याचे फुगे इतके मोठे की कधीकधी चौकटीत मुलाला उभं राहायला जागा उरत नाही. आणि मधोमध सोळा पानं अशी की त्यांत एकही फुगा नाही. पहाट, चादर, पोराला उचलणारे दोन हात, बोका. ती मूकपानं काढायला त्याला बाकीच्या पुस्तकाहून जास्त वेळ लागला. काकूला तोंडानं 'तुझे उपकार आहेत' म्हणण्याची त्याची छाती नव्हती, म्हणून त्यानं ते असं काढून दाखवलं.

पुस्तक छापून आल्यावर तो ते घेऊन काकूकडे गेला. काकूनं चष्मा पुसला, पानं उलटली. मूकपानांपाशी तिचा हात थांबला. एकेक चौकट तिनं बोट ठेवून पाहिली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "नाक फार मोठं काढलंयस माझं." आणि उठून चहा टाकायला गेली. पण पुढच्या खेपेला गेला तेव्हा पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्या उशाशी ठेवलेलं त्याला दिसलं, आणि त्या दिवशी त्याला जे समाधान वाटलं तसं आयुष्यात पुन्हा वाटलं नाही.

पुस्तक खपलं बेताचंच. पण ते एका दिग्दर्शिकेच्या हाती पडलं आणि तिनं त्यावर सिनेमा करायचं ठरवलं. बाई कामाची, सरळ बोलणारी. आपला चित्रकार मात्र हुरळून गेला. दातांची चित्रं काढणाऱ्या माणसाला कुणी 'तुमच्या कलाकृतीला धक्का लागू देणार नाही' असं सांगितलं, तर तो हरभऱ्याच्या झाडावर चढायचा नाही तर काय करायचा? पटकथेचं पान न् पान तुम्हाला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा शब्द दिग्दर्शिकेनं दिला आणि पाळलाही. पुढे जे झालं त्यात कुणाचं कपट नव्हतं, हे इथे सांगून ठेवायला हवं.

झालं ते असं. पुस्तकाच्या दोनचार प्रती होत्या, त्या कपडेवाले आणि नेपथ्यवाले यांच्या हातांत फिरत होत्या. पटकथाकारानं पुस्तक एकदा मन लावून वाचलं होतं, त्याला आवडलंही होतं. पण लिहिताना समोर काहीतरी हवं, म्हणून त्यानं ऑफिसात सगळे फुगे टाइप करून घेतले. पानामागून पान, काकू हे म्हणाली, मुलगा ते म्हणाला. ज्या पानावर फुगा नाही त्या पानाचं टाइप करायला काही नव्हतंच. आता, फुग्याला जी शेपटी असते ती कोण बोलतंय ते दाखवते. कुणाला बोलतंय, ते दाखवायचं काम चित्राचं. चित्रं तर टेबलावर नव्हती. तेव्हा 'मेल्या, परत ओली केलीस चादर?' हे वाक्य काकू कुणाला म्हणत असणार? घरात चादर ओली करण्यासारखं एकच पोर होतं. पटकथाकारानं सरळ लिहिलं: सकाळ. मुलांची खोली. काकू ओली चादर हातात धरून उभी. भावंडं हसतात. मुलगा खाली मान घालतो.

आणि चित्रकारानं ते वाचलं. त्यानं ते एकदा नाही, दोनदा वाचलं. पण वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे कागद कुठे होता? बोका त्यानं इतक्या वेळा काढला होता की कागदावर नसलेला बोकासुद्धा त्याला दिसला. 'पहाट. काकू उठून कामाला लागते' एवढी ओळ होती, तिच्यात त्याला आपली सोळाच्या सोळा पानं दिसली. त्यानं समासात 'झकास' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. घरच्या माणसाला घरातला पायरीचा दगड दिसत नाही आणि ठेच लागते ती पाहुण्याला, त्यातलाच प्रकार.

चित्रीकरण चाललं होतं तिकडे तो एकदाच गेला, तोही जेवणाच्या सुट्टीत. नटीनं त्याच्याकडून काकूची उभं राहायची ढब शिकून घेतली. कमरेवर हात, मान जराशी तिरकी. त्यानं ती हौसेनं दाखवली.

कच्चा सिनेमा जुळवून झाला तेव्हा दिग्दर्शिकेनं त्याला बोलावलं. लहानशी काळोखी खोली, झिजलेला सोफा, दिग्दर्शिका आणि संकलक. सिनेमा सुरू झाला आणि तो प्रसंग आला. नटी कमरेवर एक हात ठेवून, मान तिरकी करून अंथरुणातल्या पोरापुढे उभी राहिली. दुसऱ्या हातातली ओली चादर तिनं वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. "मेल्या, परत ओली केलीस चादर? लाज नाही वाटत?" भावंडं फिदीफिदी हसली. पोरानं मान खाली घातली आणि त्याचे कान लाल झाले. शेजारी संकलकानं चष्मा काढून डोळे पुसले.

आणि चित्रकाराच्या डोळ्यांतही पाणी आलं. ही गोष्ट पुढे त्याला सगळ्यात जास्त खात राहिली. त्या क्षणी त्याला खरोखर त्या पोराची दया आली, बाईची चीड आली. असं कधी झालंच नव्हतं हे त्याच्या लक्षात यायला पुढचे दोनतीन प्रसंग जावे लागले. दिवा लागला. दिग्दर्शिकेनं विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, "अप्रतिम." मग संकलकानं त्याचा हात हातात घेऊन सांगितलं की असं बालपण सोसूनही तुम्ही एवढे सरळ राहिलात, कमाल आहे. यावर त्यानं मान हलवली. नाही अशी नाही, हो अशी.

चार दिवस त्याला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी तो पुस्तक काखेत मारून दिग्दर्शिकेच्या ऑफिसात गेला आणि मूकपानं उघडून तिच्यापुढे ठेवली. तिनं ती पाहिली. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग बोक्याच्या चौकटीवर बोट ठेवलं. पुस्तक आपल्याला केव्हाच पाठ झालंय असं आपण समजत होतो, ती म्हणाली, आणि पटकथा हातात आल्यापासून ते उघडलंच नाही. मग तिनं कपाटातून ते पटकथेचं पान काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. समासात त्याचंच 'झकास' होतं.

आता पुन्हा चित्रीकरण करणं शक्य नव्हतं. खोली मोडून टाकली होती आणि त्या मुलाचा आवाज फुटून तो हातभर उंच झाला होता.

"तो प्रसंग काढून टाकू शकते," दिग्दर्शिका म्हणाली. "लोकांपुढे जायच्या आधी केव्हाही. खोटं कशाला बोलू, सिनेमा तिथेच उभा राहतो. ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांनी त्याचंच नाव काढलं. पण काकू तुमची आहे. तुम्ही सांगा, मी काढते."

इतकं सरळ कुणी विचारलं की पळवाट उरत नाही. त्यानं विचार करून सांगतो म्हटलं आणि घरी येऊन पळवाट शोधायला लागला. काकूची नजर अधू झालीय, तिला धड दिसणार नाही. कानानंही कमी ऐकू येतं. अंधारात बसली की तिला डुलकी लागते. आणि समजा पाहिलंच, तर सिनेमा म्हणजे काय असतो हे तिला कळतंय की, सिनेमात थोडं इकडचं तिकडे व्हायचंच. असे शहाणपणाचे मुद्दे त्याच्याकडे पुष्कळ जमले. खरं कारण एकच होतं आणि ते त्यानं स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही. मूकपानांना इतक्या वर्षांत कुणी रडलं नव्हतं. या प्रसंगाला लोक रडत होते, आणि पडद्यावर नाव त्याचं होतं.

त्यानं फोन करून सांगितलं, राहू दे. दिग्दर्शिकेनं विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, नक्की.

पहिल्या खेळाला काकू आली. ती येणार नाही अशी त्याला अंधुक आशा होती, पण तिनं तर आठवडाभर आधीपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचं डोकं खाल्लं होतं की माझ्यावर सिनेमा निघालाय, आता तरी मला जपून बोला. ठेवणीतले कपडे घातले होते. आणि डोळे तपासून नव्या नंबरचा चष्मा करून घेतला होता, खास सिनेमासाठी. तो कसा दिसतो म्हणून तिनं विचारलं. छान, तो म्हणाला, आणि त्याची नजर चष्म्यावरून घसरून जमिनीवर गेली.

तो तिच्या शेजारी बसला. सुरुवातीला काकू खुशीत होती. "ही बाई माझ्याहून जाड आहे," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "स्वयंपाकघर एवढं मोठं कुठे होतं? आणि भांडी बघ, एकालाही पोचा नाही." पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली. पडद्यावर पोरका मुलगा पिशवी घेऊन दारात आला तेव्हा तिनं चित्रकाराच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मग तो प्रसंग आला. चित्रकार समोर बघत राहिला. मान वळवायची त्याची हिंमत झाली नाही. मनगटावरचा हात कधी उचलला गेला तेही त्याला कळलं नाही, एवढंच कळलं की तो आता तिथे नाही. त्यानंतर काकू शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. सिनेमात तिला झोपही लागली नाही.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, चित्रकाराला पुढे बोलावून उभं केलं गेलं. बाहेरच्या दालनात लोकांनी त्याला गराडा घातला. कुणाकडून तरी कळलं असावं, एक बाई काकूपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आलात हे फार मोठेपणाचं आहे. आपली चूक अशी सगळ्यांसमोर बघणं सोपं नसतं." काकूनं त्यांच्याकडे पाहिलं. एरवी अशा बाईला तिनं उभं चिरलं असतं. ती फक्त म्हणाली, "हो."

चित्रकारानं हे ऐकलं. तो गर्दीतून निघून तिच्याकडे आला आणि तिला भिंतीशी असलेल्या बाकावर घेऊन गेला. पाणी आणू का म्हणून विचारलं. नको, बस, ती म्हणाली. तिनं नवा चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"शहाण्या, एक विचारते. खरं सांग. मी ते तुला म्हणायचे?"

त्याला शब्द फुटेना. काकूनं जरा वाट पाहिली आणि त्याच्या गप्प बसण्याचा जो अर्थ निघतो तो काढला.

"म्हणत असेन. माझ्या डोक्यात इतकी वर्षं असं होतं की मी बोक्याला म्हणायचे. बोक्याला आणून ठेवायचे नि त्याच्यावर ओरडायचे, पोरांना कळू नये म्हणून. पण माझं तोंड मला ठाऊक आहे. एखाद्या दिवशी पित्त खवळलं असेल नि म्हणाले असेन तुलाच, सगळ्यांसमोर." ती थांबली. "पुस्तकात तू माझ्यासाठी म्हणून बोका घातलास. मला बरं वाटावं म्हणून. ते मला आज कळलं. चुकलं रे माझं. आई नसलेलं पोर, त्याला असं बोलायला नको होतं."

आणि तिनं त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे केले. आयुष्यात कुणापुढे न वाकलेली बाई. चित्रकारानं ते हात धरून खाली दाबले. शरमेनं त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण धरणी काही अशी मागितल्यावर दुभंगत नाही.

"नाही काकू," तो म्हणाला. "पुस्तकातलंच खरं आहे. तू बोक्यालाच म्हणायचीस. मला कधी नाही. एकदाही नाही. मी जागा असायचो, मला सगळं माहीत आहे."

काकू त्याच्याकडे बघत राहिली.

"मग हे काय होतं?"

"चूक झाली."

"कुणाची?"

पटकथाकार तिथून पाच हातांवर उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं, आणि अगदीच खोटंही झालं नसतं.

"माझी," तो म्हणाला. "लिहिलेलं मला दाखवलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आलं. सिनेमा करणाऱ्या बाई काढून टाकते म्हणाल्या होत्या, मीच राहू दे म्हटलं."

"कधी?"

"झाले दोन महिने."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि तू मला येऊ दिलंस."

"हो."

काकू रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आता पट्टा सुटेल, चारचौघांत आपली सालटी निघतील, आणि निघायलाच हवीत. पण तिनं चष्मा उचलला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवून दिला.

"सिनेमा संपेपर्यंत मी आठवत बसले होते," ती सावकाश म्हणाली. "कुठल्या दिवशी म्हणाले असेन. एकेक दिवस आठवून पाहिला. आणि तू शेजारीच होतास."

मी आत्ताच्या आत्ता बाईंना सांगतो, तो म्हणाला, तो भाग काढून टाकायला लावतो, सिनेमा अजून सगळीकडे गेलेला नाही, अजून होईल.

"सांग," काकू म्हणाली. "बाकीच्यांसाठी सांग. माझं बघून झालं."

ती बाकावर पर्स मांडीवर धरून बसून राहिली, घरी नेणाऱ्याची वाट बघत बसतात तशी. तो उठला. दिग्दर्शिका दालनाच्या दुसऱ्या टोकाला होती. मधे माणसंच माणसं. त्यांनी त्याला वाटेत थांबवलं, पाठीवर थोपटलं, त्याचे हात हातात घेतले. किती सोसलंत हो, असं एक म्हातारे गृहस्थ भरल्या डोळ्यांनी म्हणाले. आणि चित्रकार प्रत्येकाला आभारी आहे, आभारी आहे म्हणत पुढे सरकत राहिला.